आषाढातल्या उन्हाचं माप

बार्शीत ऊन ही शिव्या घालायची गोष्ट आहे. आमच्याकडे ते भर थंडीतसुद्धा पाठ सोडत नाही, आणि मी मात्र त्याच्यावरच पोट भरते. छपरांवर सोलर बसवायचा माझा धंदा. त्यामुळे माझी मैत्रीण सुनीता, जी सोलापुरात नर्स आहे, ती जेव्हा म्हणाली की दिघीजवळ खाडीकाठच्या गावात माझ्या मावशीच्या घरचं सोलर बघायला जाशील का, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "सोलर म्हणजे सोलर. बार्शीत चालतं ते कोकणात न चालायला काय झालं?" हा तोरा पुढं चांगलाच उतरला, ते सांगायलाच हे लिहिते आहे.

सुनीताची मावशी म्हणजे मोरे बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढून निवृत्त झालेल्या. फुप्फुसं थकली म्हणून डॉक्टरांनी रात्री झोपताना, आणि दम लागला की दिवसाही, ऑक्सिजन तयार करणारं मशीन लावायला सांगितलेलं. मशीन विजेवर चालतं, आणि पावसाळ्यात त्या गावात वीज पाहुण्यासारखी येते. म्हणून आदल्या वर्षी कुठल्याशा शहरातल्या ठेकेदाराकडून सोलर बसवून घेतलं. त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेली आणि मशीन थोडा वेळ चालून बंद पडलं. खाडी खवळलेली, फेरी बंद, म्हणून शेजाऱ्याच्या जीपमधून म्हसळ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यानं बाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. वाचल्या. पण मुंबईकडे कामोठ्याला राहणारा त्यांचा मुलगा मिलिंद तेव्हापासून हट्टाला पेटला होता, की पुढचा पाऊस लागायच्या आत आई-आप्पांना कायमचं फ्लॅटवर न्यायचं. बाई म्हणाल्या, एकदा जाणत्या माणसाला दाखवू, नाहीच जमलं तर मुकाट्यानं येते. तो जाणता माणूस म्हणजे मी.

आगरदांडा

अलिबागला जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी सांगाडे बनवून ठेवले होते, ते पिकअपमध्ये भरून मी मुरूडवरून आगरदांड्याच्या धक्क्यावर पोचले. मे महिना सरत आलेला. बार्शीचं ऊन भाजतं, हे ऊन उकडतं. अंगावरचा शर्ट सकाळी ओला झाला तो रात्रीपर्यंत ओलाच.

धक्क्यावर मला घ्यायला नझीरभाई आले होते. ते दिघीच्या बाजूचे वायरमन. बाईंच्या घरचं वायरिंग त्यांचं. मुरूडला बाजार करायला आले होते आणि त्यांच्या पायाशी पिशव्यांचा डोंगर होता: कांदे, मिरच्या, मसाला, मीठ, काडेपेट्यांचे पुडे.

"एवढं? लग्न आहे का घरात?" मी विचारलं.

"आगोट हाय ना, मॅडम. पाऊस लागला की चार म्हयने कोन बाजाराला जातो? सगला भरून, झाकून, बांधून ठेवाचा. एकदा आगोट भरली की बेफिकीर."

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची भरणी. आमच्याकडे पाऊस लागतो तेव्हा आम्ही घरातली भांडी बाहेर आणून पागोळ्यांखाली लावतो. इथं बाहेरचं सगळं आत. हा फरक तेव्हा मला गमतीचा वाटला आणि मी तो तिथंच सोडून दिला.

फेरीत गाडी चढवताना माझी शोभा झाली. उतारावरून पिकअप उलटी आत घ्यायची होती. ज्वारीच्या रानात ट्रॉली उलटी घेणारी बाई मी, पण खाली पाणी हलताना बघून क्लच सुटला आणि गाडी आडवी बंद पडली. मागून हॉर्नचा गजर. फेरीवरचा माणूस नंबर वाचून ओरडला, "एमएच तेरा! दर्या नवा हाय वाटतं!" नझीरभाई पिशव्या सांभाळत मागं उभे राहून हातवारे करत राहिले आणि मी घामाघूम होत गाडी आत घेतली. कोणाला चालवायला दिली नाही, एवढंच समाधान.

बाईंच्या घरी

खाडीच्या वर, सुपारीच्या बागांना लागून बौद्धवाडी. बाईंचं घर स्लॅबचं, समोर पडवी, आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या शेजारी बाईंच्या शाळेचे फोटो. "जयभीम" म्हणून मी आत गेले. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत, पण आवाज अजून वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"ये. आधी जेव. मग काय माझं मशीन बघायचं ते बघ. उपाशी माणसाचा हिशोब चुकतो."

तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि तळलेली मासळी. आमच्याकडे मटण म्हणजे मांसाहार संपला. मी मासा भाकरीसारखा तोडून तोंडात घातला आणि काटा घशात. डोळ्यांतून पाणी. आप्पांनी, म्हणजे बाईंच्या मालकांनी, कोरड्या भाताचा गोळा माझ्या हातावर ठेवला आणि "गिळा, चावू नका" एवढंच म्हणाले. आप्पा मुंबईत गोदीत नोकरी करून परत आलेले, दिवसाला मोजकी वाक्यं बोलणारे. काटा भाताबरोबर गेला. बाई हसून हसून खोकायला लागल्या, आणि त्यांचा तो खोकला थांबेना तसं माझं हसू मावळलं. खोकल्यानंतर श्वास गोळा करायला त्यांना किती वेळ लागतो ते मी पाहिलं. तोपर्यंत हे माझ्यासाठी एक काम होतं.

जेवणानंतर मी वही न काढता नुसतं विचारलं, "बाई, लाईट गेल्यावर रात्री घरात काय काय चालतं?"

"मशीन, एक पंखा, एक ट्यूब. आम्ही दोन म्हातारी माणसं, आणखी काय चालणार?"

हा प्रश्न मी शेकडो घरांत विचारलाय आणि खरं उत्तर एकदाही मिळालेलं नाही. माणसं खोटं बोलत नाहीत, स्वतःला काय शोभेल ते सांगतात. म्हणून मी उत्तरावर न विसंबता घर फिरते. पडवीत भिंतीला एक लांब फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर ओळीनं सॉकेटच सॉकेट.

"ही काय शाळा भरते का हो इथं?"

"वाडीतली माणसं येतात फोन लावायला," बाई सहज म्हणाल्या. "माझ्या घरात सोलर आणि शेजाऱ्याचा फोन बंद, हे बरं दिसतं का? कोणाची मासळी खराब होत असेल तर आमच्या फ्रीजमध्ये ठेवतात. शेजारच्या धर्माची तर ठरलेलीच."

आमच्या गल्लीत ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे तो लाईट गेल्यावर पुढच्या खोलीतला दिवा मुद्दाम बंद ठेवतो, कोणी येऊ नये म्हणून. इथं लाईट गेली की बाईंकडे अख्खी वाडी, आणि बाईंच्या मते घरात चालतो फक्त एक पंखा. मशीनपेक्षा फ्रीजनं आणि फोनांनीच जास्त वीज खाल्ली असणार.

मी सरळ म्हटलं, "हे बंद करावं लागेल. मशीनच्या लायनीवर दुसरं काही नको."

"माणसांना दारातून परत पाठवायला लावणार असशील, तर तू जेवलीस तेवढं पुरे, सुखानं परत जा."

मी पण हट्टी, त्या पण हट्टी. आप्पा उठून चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी छपरावर चढले. जुनी चार पॅनेल बघून मी चाट पडले, कारण ती अगदी ठणठणीत होती. काचेला तडा नाही, मीटर लावला तर भरपूर वीज. बॅटऱ्या मात्र मेलेल्या, आणि त्याही अशा की महिनोन्‌महिने उपाशी ठेवल्यासारख्या. मागच्या ठेकेदारानं बॅटरी फक्त उन्हावरच भरायची अशी जोडणी केली होती, बिल कमी यावं म्हणून. ठीक आहे, पण ऊन पावसाळ्यात कमी मिळतं, अजिबात मिळत नाही असं नाही. फोन धरले, फ्रीज धरला, धर्माकाकांची मासळी धरली, तरी या बॅटऱ्या एवढ्या उपाशी राहायचं कारण सापडेना. पॅनेलच्या चौकटींना कोपऱ्यांत निळ्या नायलॉन दोरीच्या गाठी तेवढ्या होत्या. बोंबील वाळवायला दोरी बांधली असणार, असं म्हणून मी त्या सोडून दिल्या.

मग मला वाटलं, सावली. शेजारच्या धर्माकाकांचा माड दुपारनंतर छपरावर सावली टाकत होता. पॅनेल ओळीनं जोडलेली असली की एकावर सावली पडली तरी सगळी ओळ मंदावते. मी खाली उतरून काकांकडे गेले आणि माड तोडता येईल का असं विचारलं.

काकांनी हातातला कोयता खाली ठेवला. "माड तोडाचा? तुमच्याकडं घरातली म्हातारी मानसं पन तोडतात काय?"

वाडीभर ही बातमी माझ्या आधी पोचली. संध्याकाळी पडवीत बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. पॅनेल पूर्वेच्या बाजूला सरकवली तर सावली चुकत होती, तो तोडगा मी लगेच काढला, पण मनातला सल जाईना. एका माडाच्या दोन तासांच्या सावलीनं बॅटरी मरत नाही. आणि आधीचं का मेलं हे कळल्याशिवाय नवं बसवायचं नाही, हा माझा नियम. नझीरभाई म्हणाले, "मॅडम, नवा माल येतोय, बसवून टाका. पावसाला दिवस किती ऱ्हायलेत?" मी म्हटलं, "आवं, तीच चूक मोठी करून बसवू का? बंद पडलं तर बाई कामोठ्याला जातील, आणि ऐन वेळी दवाखान्यात पोचतील का तेही सांगता येत नाही."  मी माझ्याच बोलण्यानं दचकले.

हरिहरेश्वर

नव्या पॅनेलांचा आणि बॅटऱ्यांचा ट्रक घाटात अडकला होता. मी घरात येरझाऱ्या घालते हे बघून बाईंनी फर्मान काढलं, "डोकं चालेनासं झालं की मुलांना मी मैदानावर सोडायची. जा, हरिहरेश्वर बघून ये."

गेले. देवदर्शन झालं, मग डोंगराला वळसा घालून खडकांतून जाणारी प्रदक्षिणेची वाट. खाली लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं खाऊन खडकाला जाळी पाडलेली. खारा वारा दगडाची ही गत करतो, तर माझ्या नटबोल्टांचं काय, असा धंद्याचा विचार देवाच्या दारातसुद्धा सुटला नाही. बोल्ट स्टेनलेसचे घेतलेत ना, हे मी मनात तिथंच दोनदा आठवून घेतलं.

एका घरगुती खानावळीत जेवायला बसले. वरण-भात, आमसुलाचं सार, उकडीचे मोदक. मोदकावर तुपाची धार धरलेली असताना समोरच्या लॉजच्या गच्चीवर दोन माणसं दिसली. गच्चीवर पाणी तापवायचे सोलर होते, आणि ती माणसं त्यांच्यावर निळी ताडपत्री ओढून, नायलॉनच्या दोरीनं चारी कोपऱ्यांत आवळून बांधत होती.

मी तशीच उष्ट्या हातानं रस्त्यावर आले. "ओ दादा! काय करताय?"

"आगोट आली ना," वरून उत्तर. "आता गिऱ्हाईक दिवाळीलाच. वारा-पाऊस खाऊन काच खराब होते. आमच्याकडं सगलंच झाकतात, बाई. लाकडा झाकतो, पडवी झाकतो, ह्या पन झाकतो."

लॉज बंद ठेवणाऱ्याचं ते बरोबरच होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बाईंच्या पॅनेलच्या कोपऱ्यांतल्या त्या निळ्या गाठी आल्या. खानावळीच्या काकू "मोदक, मोदक" करत मागं आल्या, तो पानात गुंडाळून घेतला आणि पिकअप भरधाव सोडली.

पुन्हा बाईंकडे

पडवीत नझीरभाई आणि धर्माकाका दोघंही होते. मी चपला न काढताच विचारलं, "मागच्या वर्षी पॅनेल झाकली होती का?"

"मग?" नझीरभाई अभिमानानं म्हणाले. "आगोटीलाच. मीच सांगितलेला. धर्मानं ताडपत्री दिली, नवीकोरी. असा आवळून बांधला की चार म्हयन्यांत एक थेंब लागला नाय. गनपती होऊन गेल्यावर सोडला."

"आवं भाई, तुम्ही वायरमन ना! ऊन पडंना झालं तर वीज कुठनं यायची?"

"पावसात ऊन असता कुठं, मॅडम? आमाला वाटला बॅटरी भरून ठेवली हाय, म्हनजे भरलेलीच. आगोटीचा भरून ठेवलेला चार म्हयने पुरताच की."

मला रागानं ओरडायचं होतं आणि हसूही येत होतं. यांनी उन्हाची सुकी मासळी केली होती! भरली, झाकली, बांधली, आता पावसाळाभर खायची. ढगांतूनही उजेड झिरपतो आणि पॅनेल त्यावरही थोडीथोडी वीज करतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ठेकेदार बसवून निघून गेला, जाताना "जपा" एवढंच म्हणाला, आणि या माणसांनी जिवापाड जपलं.

मग माझं लक्ष बाईंकडे गेलं. त्या हसत नव्हत्या.

"मीच धर्माला वर चढवलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "खाली उभी राहून सांगत होते, कोपरा नीट आवळ. म्हणजे माझा श्वास मीच आवळला म्हणायचा."

 धर्माकाकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग तेच म्हणाले, "पन बाई, न झाकून कसा चालंल? मोठ्या वादळात माझं पत्रं उडालं ते खाडीत सापडलं. ही तर काच हाय. उडाली तर कोनाचा मुंडका तोडंल."

तेही खरंच होतं. अडाणीपणा म्हणून हसण्यावारी न्यावं असं त्यात काही नव्हतं. ताडपत्री ही भीतीवरचं उत्तर होती. उत्तर चुकीचं असेल, पण भीती चुकीची नव्हती. ती भीती जाईल असं काही मी बांधून दिलं नाही, तर मी बार्शीला पोचायच्या आत ताडपत्री पुन्हा चढली असती.

आणि दुसरं एक कडू होतं, तेही मी तिथंच सांगून टाकलं. "नुसती ताडपत्री नसती, तरी ते सोलर पुरलं नसतं. ठेकेदारानं माप वैशाखाच्या उन्हावर घेतलंय. मशीन चालणार आषाढात. आषाढात इथं ऊन चौथाईवर येतं. चार पॅनेलचं काम नाही हे. निदान याच्या दुप्पट तरी लागतील. बॅटरी दोन रात्री पुरेल अशी, उन्हावर आणि लाईटवर दोन्हीवर भरणारी. आणि मशीनची लाईन वेगळी."

"आणि माझी फळी?" बाईंनी विचारलं.

रस्त्यात मोदक खाता खाता तेही सुचलं होतं. "तुमची जुनी चार पॅनेल पडवीला देते, वेगळी बॅटरी, वेगळी वायर. वाडीचे फोन त्याच्यावर. ती संपली तर संपली, मशीनला धक्का नाही. फ्रीज मात्र लाईट नसताना बंद. धर्माकाका, मासळी खाऊन टाकायची."

"खाऊ की," काका म्हणाले. बाईंनी मान हलवली. घर सोडायची वेळ आली तरी न नमलेल्या बाई तेवढ्यावर नमल्या.

राहिला वारा. सांगाडा घट्ट धरायला स्लॅबमध्ये बोल्ट मारावे लागणार होते, आणि आप्पांनी साफ नकार दिला. स्लॅबला भोक म्हणजे गळती, आणि कोकणात गळतीला औषध नाही. मी गच्चीवर फिरत राहिले. चारी बाजूंना कॉलमच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या. आपल्याकडे घराघरांवर असतात तशा, पुढं मजला चढवायचा म्हणून. त्या सळयांना धरून काँक्रीटचे बुटके खांब ओतले आणि त्यात सांगाडा बसवला, तर तो थेट घराच्या हाडांना बांधला जाणार होता. भोक नको, आणि वादळाच्या बापाला हलणार नाही.

आप्पांना विचारलं. त्यांनी एका गंजलेल्या सळईवर हात ठेवला.

"मिलिंदचा मजला व्हायचा होता," ते म्हणाले. मग हात काढला. "ओता."

मिलिंद

खांब ओतले, गोणपाटं गुंडाळून त्यांना पाणी पाजलं. ओले होते तोवर खाली वायरी ओढल्या, बॅटरी भिंतीवर पुराच्या पाण्याला पोचणार नाही अशा उंचीवर टांगली. पॅनेल फार उभी न करता जेमतेम कलती ठेवली, पावसानं धुऊन निघतील पण वाऱ्याला अंगावर घेणार नाहीत अशी. नझीरभाईंनी माझ्याबरोबर एकेक बोल्ट आवळला. आपल्या सांगण्यावरून बाई दवाखान्यात गेल्या, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. प्रत्येक बोल्टाला ते पुटपुटत, "या अल्ला, ह्यो नको सुटू देऊ."

ठरल्याप्रमाणे मिलिंद गाडी घेऊन आला. मागची सीट पाडून, बॅगा मावतील अशी तयारी करूनच आला होता. चांगला मुलगा, घाबरलेला. त्यानं माझ्याशी बोलायच्या आधी मेन स्विच खाली ओढला आणि खुर्ची टाकून मशीनसमोर बसला. आभाळ भरून आलेलं, दिवसभर सूर्य दिसला नाही. बाईंनी मशीन लावून पुस्तक वाचलं, झोप काढली, त्याला खायला घातलं. संध्याकाळी त्यानं बॅटरीचा आकडा बघितला. सकाळपेक्षा खाली आला होता, पण जेमतेम.

मग तो गच्चीवर गेला आणि खांब बघून म्हणाला, "म्हणजे माझा मजला गेला."

बाई जिन्याच्या खालीच होत्या, वर चढणं त्यांना जमत नव्हतं. तिथूनच म्हणाल्या, "तू राहायला ये, आपण खाली आणखी खोली काढू. मला मात्र इथून हलवू नकोस, बाळा. तिथं मी नुसती श्वास घेत बसेन."

मिलिंदनं वर एकेक बोल्ट हलवून बघितला. खाली आला तेव्हा मला एवढंच म्हणाला, "मॅडम, एकदा जरी बंद पडलं, तर मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जाणार."

"घेऊन जा," मी म्हटलं. "आणि भरलेला सिलिंडर पलंगाशेजारी कायम ठेवायचा. यंत्रावर एवढा विश्वास मी पण ठेवत नाही."

तो एकटाच परत गेला. मी निघताना धर्माकाकांनी पिकअपमध्ये शहाळी भरली. माड तोडायला निघाली होती तिला त्याच माडाची.

बार्शी

जुलैत आमच्याकडे आभाळ कोरडं ठाक आणि बातम्यांत कोकणपट्टीला वादळाचा इशारा. नझीरभाईंचा फोन आला. वाडीतली माणसं ताडपत्री घेऊन गच्चीवर चढायला निघाली होती. मिलिंदही फोनवरून सांगत होता, एक दिवस झाकून घ्या, काय बिघडतं. सगळ्यांचा जीव बाईंसाठीच तुटत होता. आणि बाई जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, वर कोणी जाऊ नये म्हणून.

"मी काय करू, मॅडम?" नझीरभाई विचारत होते.

खांब धरतील ना? बोल्ट धरतील ना? मला खात्री होती. बार्शीत बसून "झाकू नका" म्हणणं सोपं होतं. जीव तिकडे होता. "झाकू नका," मी म्हटलं. "बाई बरोबर आहेत."

त्यानंतर फोन लागेना. बाईंचा नाही, नझीरभाईंचा नाही. मिलिंदला केला तर तोही तेच सांगे, रस्ता दरडीखाली गेलाय, टॉवर बंद आहेत. मी कामावर जाई, दुसऱ्यांच्या छपरांवर पॅनेल चढवी आणि मध्येच मोबाईल काढून बघे. माझी चूक झाली असेल तर ती कोणाच्या जिवावर झाली असेल, हा विचार भाकरी खाली उतरू देत नव्हता.

मग चौथ्या दिवशी सकाळी बाईंचाच फोन. टॉवरला कुठूनतरी डिझेल मिळालं होतं. आवाज खणखणीत. बाग किती पडली, कोणाचे पत्रे गेले, धर्माकाकांचा माड कसा उभा राहिला, पडवीत वाडी कशी मुक्कामालाच होती, सगळं सांगत सुटल्या. मी ऐकत होते, पण माझे कान मागच्या आवाजाकडे होते. बाईंच्या बोलण्याच्या मागं मशीनचा घुसमट-सुटका, घुसमट-सुटका असा एकसारखा आवाज चालू होता. मी छपराच्या कठड्यावर बसले.

"चला, सुटलो," मी म्हटलं. "बाई, लाईट कधी आली?"

"लाईट?" बाई म्हणाल्या. "लाईट कुठं आलीय, पोरी? दिघीपासून विजेचे खांब आडवे आहेत. वादळात गेली ती अजून नाहीच आलेली."